पेढे वाटले ती प्लेसमेंट



एरवी मी इथे पाठांविषयी लिहिते. भिन्न छेदांचे अपूर्णांक, जोडाक्षरं, चौथीचा परिसर अभ्यास असं काहीतरी. आजचा विषय जरा लांबचा वाटेल, पण तो सुरू झाला आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात, म्हणून लिहिते आहे.

गेल्या जुलैत मधल्या सुट्टीत एक आई पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आल्या. त्यांची मुलगी माझ्या अगदी पहिल्या वर्गातली. २०१० साली मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले तेव्हा ती तिसरीत होती. पुढे समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि २०२५च्या फेब्रुवारीत समाजकार्याची मास्टर्स करायला मेलबर्नला गेली. घर तारण ठेवून कर्ज काढलं आहे. आई म्हणाल्या, "बाई, पोरीला प्लेसमेंट मिळाली! पाच महिन्यांत!" आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी परिपाठात मुलांना ही बातमीसुद्धा सांगितली.

आपल्याकडे प्लेसमेंट म्हणजे काय, तर कॉलेजात कंपनी येते, मुलाखत घेते, पॅकेज सांगते. त्या शब्दाला पेढे वाटले तर आईंचं काय चुकलं? पण ऑस्ट्रेलियात शिक्षण, नर्सिंग, समाजकार्य अशा अभ्यासक्रमांत प्लेसमेंट म्हणजे तुम्ही-आम्ही डी.एड.ला केली ती आंतरवासिता. शाळेत, दवाखान्यात, एखाद्या संस्थेत जाऊन मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करायचं. बहुतेक ठिकाणी पगार नाही. आणि तो अभ्यासक्रमातलाच एक विषय असल्यामुळे त्याची फी मात्र भरायची. म्हणजे दुसऱ्याच्या संस्थेत राबायचं आणि वर विद्यापीठाला पैसेही आपणच द्यायचे.

आईंना हे सप्टेंबरात कळलं, आणि त्यांच्याकडून मला.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, चौथीच्या वरचं नाही. तिथल्या समाजकार्याच्या पदवीसाठी ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्सचा निकष आहे किमान १,००० तासांच्या प्लेसमेंटचा. साधारणपणे ते ५००-५०० तासांच्या दोन भागांत करतात. नर्सिंगच्या पदवीला किमान ८०० तास. शिक्षकाच्या पदवीला ८० दिवस, आणि आधीची एक पदवी असून नंतर शिक्षणाची मास्टर्स केली तर ६० दिवस. हे आकडे वाचून मला काय आठवलं सांगू? आपल्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट! पहिली ते पाचवीला वर्षाचे अध्यापनाचे तास ८०० आणि सहावी ते आठवीला १,०००. म्हणजे सातवीचा वर्ग जूनपासून मेपर्यंत जेवढे तास शिकतो, तेवढे तास या पोरीला बिनपगारी काम करायचं आहे. हे काही मे महिन्यातलं शिबिर नव्हे.

दिवसाला साडेसात तास आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर ५०० तासांना तेरा आठवडे आणि वर दोन दिवस लागतात. आठवड्याला साडेसदतीस तास. विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना, पंधरवड्याला ४८ तासांपर्यंत पगारी काम करता येतं, १ जुलै २०२३पासून तसा नियम आहे. अभ्यासक्रमाचा नोंदवलेला भाग असलेली प्लेसमेंट या ४८ तासांत मोजत नाहीत. नियम मुलांच्या सोयीचाच आहे, पण त्यामुळे दिवस काही तीस तासांचा होत नाही. साडेसदतीस अधिक चोवीस, झाले साडेएकसष्ट. शिवाय ट्रॅमचा प्रवास, असाइनमेंट, स्वयंपाक, कपडे आणि झोप.

आईंनी एक प्लास्टिकची फाईल आणली होती. त्यात जायच्या आधी सल्लागारानं करून दिलेलं अंदाजपत्रक होतं, छापील, रंगीत. मी ते दोनदा वाचलं. फी होती, विमा होता, व्हिसाचे १,६०० डॉलर होते (आता २,००० झालेत), विमानाचं तिकीट होतं. राहण्या-जेवण्याचे वर्षाचे २९,७१० डॉलर होते. व्हिसासाठी एवढे पैसे दाखवावेच लागतात. आणि जमेच्या बाजूला लिहिलं होतं, "अर्धवेळ कमाई : २४ तास गुणिले ५२ आठवडे." बावन्नच्या बावन्न आठवडे! आजारपण नाही, परीक्षा नाही. आणि प्लेसमेंट? कुठेच नाही. अख्ख्या कागदावर तो शब्दच नव्हता.

चौथीतल्या पोरानं असं शाब्दिक उदाहरण सोडवलं असतं तर मी वहीत लाल पेननं लिहिलं असतं, 'दिलेली माहिती पूर्ण वाचली नाही.'

मुलगी प्लेसमेंटआधी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आठवड्याला २२ तास काम करायची. प्लेसमेंट सुरू झाल्यावर शहाणपणानं तिनं फक्त शनिवार-रविवारचे नऊ तास ठेवायला हवे होते, असं आपण इथे खुर्चीत बसून म्हणू शकतो. म्हणजे आठवड्याला १३ तास कमी. तेरा आठवड्यांचे १६९ तास. २०२५च्या जुलैपासून तिथलं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे. त्या दरानं हे ४,२०० डॉलरच्या वर जातं, आणि कायम नोकरी नसलेल्यांना तिथे वर जादा दर मिळतो तो मी धरलेलाच नाही. रुपये तुम्ही करून बघा, भाव रोज बदलतो. हे झालं एका प्लेसमेंटचं. अशा दोन आहेत.

हे ४,२०० डॉलर तिच्याकडे नव्हते. म्हणून तिनं तास कमी केलेच नाहीत. सकाळी नऊ ते पाच एका संस्थेत, जिथे घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायका मुलं घेऊन येतात. तिथून हॉटेल, तिथून रात्री बारा-साडेबाराला खोलीवर. सात आठवडे असं चाललं. सातव्या आठवड्यात तिचं मधलं मूल्यमापन झालं. शेरा आला की बैठकीत बोलत नाही, नोंदी उशिरा देते, लक्ष नसतं, असंच राहिलं तर पुढचं सांगता येणार नाही. प्लेसमेंटमध्ये नापास म्हणजे तो विषय पुन्हा. पुन्हा फी, पुन्हा तेवढेच बिनपगारी आठवडे.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आई मला एवढंच म्हणाल्या होत्या, "बाई, पोर फोनवर हसत नाही. तुमी एकदा बोला."

मी बोलले. एका रविवारी, आपल्या सकाळी, तिच्या दुपारी. पहिली दहा मिनिटं "सगळं छान आहे बाई" चाललं. मग मी तिला विचारलं, काल किती वाजता झोपलीस? ती थांबली आणि मग रडली. म्हणाली, "मला वाटलं इथं सगळेच असं करतात."

तो शेरा ऐकून मला माझ्या डी.एड.ची एक मैत्रीण आठवली. आम्ही आंतरवासितेला तालुक्यापासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावी जायचो. मला पगार नव्हताच. तक्ते, कार्डशीट, स्केचपेन घरच्या पैशांनी. पण एसटीचा पास वडील काढायचे आणि डबा आई द्यायची. संध्याकाळी घरी आलं की आयती भाकरी. ती मैत्रीण खोली घेऊन राहायची, संध्याकाळी सहा ते दहा औषधांच्या दुकानात काम करायची आणि पाठाचं टाचण रात्री अकरानंतर लिहायची. तिच्या एका सराव पाठावर शेरा होता, 'पूर्वतयारी अपुरी. आवाजात उत्साह नाही.' त्या काळात मला तो शेरा बरोबर वाटला होता, हे आज कबूल करते. आम्ही दोघी सारखंच बिनपगारी काम करत होतो असंच मी समजत होते. माझं काम माझ्या आईची भाकरी चालवत होती. तिचं काम तिची झोप चालवत होती.

म्हणून "आपण नाही का फुकट केलं? त्यातूनच घडलो!" असं कुणी म्हणालं की आता मला गप्प बसवत नाही. (स्टाफरूममध्ये हे वाक्य हमखास येतंच. शिक्षणसेवकाच्या तीन हजारांवर आम्ही महिने काढले, तेही याच सुरात सांगतो. जणू कमी पैशांत राबणं हीच आमची पदवी!) फुकट कुणीच करत नाही हो. कुणीतरी पैसे भरत असतं. बाप भरतो, नवरा भरतो, नाहीतर ते पोर स्वतःच्या अंगातून भरतं. मेलबर्नला आईची भाकरी नसते आणि तिथलं खोलीभाडं दर आठवड्याला द्यावं लागतं.

प्लेसमेंटच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. तिला विचारलं की सत्राभरात सगळ्यात जास्त कुठे शिकलीस, तर ती त्या संस्थेचंच नाव घेते. एक बाई रोज येऊन नुसती बसायची, काही बोलायची नाही. तिच्याजवळ चहा घेऊन बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, एवढंच काम हिला दिलं होतं. नवव्या दिवशी ती बाई बोलली. हे कुठल्या व्याख्यानात शिकवणार? आपणही पुस्तकातून शिक्षक झालो नाही. पहिल्यांदा चाळीस पोरांपुढे उभं राहिल्यावर पाय लटपटले, तिथून झालो. काम करतच शिकायचं, याबद्दल माझं दुमत नाही.

पण त्या कामाला मोबदला हवा, हे माझं स्पष्ट मत आहे. समोरचे म्हणतात, शिकाऊ माणसाचा संस्थेला काय उपयोग, उलट मार्गदर्शकाचाच वेळ जातो. यात थोडं तथ्य आहे. माझ्या वर्गावर छात्राध्यापक येतात, तेव्हा पहिला पंधरवडा मला दुप्पट काम पडतं. त्यांचं टाचण बघा, त्यांनी चुकीचं सांगितलेलं पुन्हा नीट करा. पण चौथ्या आठवड्यात काय होतं? ती मुलं वर्ग घेतात आणि मी मागे बसून यू-डायसची माहिती भरते. खोटं कशाला बोलू? तेव्हा ते शिकत असतात आणि माझं कामही करत असतात. मग त्या दिवसांना निव्वळ 'अनुभव' म्हणणं मला पटत नाही. आपल्या सरकारलाही हे अंशतः पटलेलं दिसतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४मध्ये बारावी पास मुलाला महिना ६,०००, पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन ठरलं. रक्कम थोडी आहे, पण शिकणाऱ्यालाही पोट असतं हे त्यात मान्य केलंय.

ऑस्ट्रेलियातही याच विषयावर बरीच ओरड झाली. तिथे त्याला 'प्लेसमेंट पॉव्हर्टी' असं नावच पडलं आहे. प्लेसमेंटच्या दिवसांत तिथलीच मुलं नोकरी सोडतात, भाडं थकवतात, काही शिक्षण अर्धवट टाकतात. शेवटी २०२४मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं आणि १ जुलै २०२५पासून शिक्षण, नर्सिंग, सुईणकाम आणि समाजकार्य शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना प्लेसमेंटच्या काळात भत्ता सुरू झाला. घोषणा झाली तेव्हा तो आठवड्याला ३१९.५० डॉलर होता. चांगली गोष्ट आहे. पण तो तिथल्या विद्यार्थ्यांसाठी. बाहेरून आलेल्यांना नाही. आमच्या पोरीच्या शेजारच्या टेबलावर बसणारी, तेच काम करणारी मुलगी भत्ता घेत होती आणि हिला काही नाही. फी मात्र हिचीच जास्त. करदात्यांचा पैसा आधी आपल्या लोकांना, हा त्यांचा युक्तिवाद मला समजतो. पण ज्या नियमानं काम सक्तीचं केलं तो दोघींना सारखा लागू आहे ना? मग निदान परदेशी मुलांच्या प्लेसमेंटच्या विषयाची फी तरी अर्धी करा. सरकारला शक्य नसेल तर विद्यापीठानं करावी. त्या तेरा आठवड्यांत वर्गात शिकवण्याचं त्यांचं काम वाचतंच की!

हे कधी होईल ते होईल. तोपर्यंत पालकांनी काय करायचं? मुलगा-मुलगी परदेशी जायचं म्हणाली की फी आणि व्हिसाच्या आधी एक प्रश्न विचारा : या अभ्यासक्रमात सक्तीचं प्रात्यक्षिक किती तासांचं आहे, आणि ते कोणत्या महिन्यात येतं? उत्तर सल्लागाराकडून घेऊ नका, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या पानावर बघा. तास सापडले की जमेच्या बाजूची कमाई त्या आठवड्यांपुरती निम्म्याहून खाली आणा. तीही नाही मिळाली तर चालेल, एवढे पैसे बाजूला ठेवता येतात का बघा. येत नसतील तर एक सत्र उशिरा गेलेलं परवडतं. प्लेसमेंट आठवड्याला पाच दिवसांऐवजी तीन-चार दिवसांत पसरून करता येते का, हेही विद्यापीठाला आधीच लिहून विचारायला सांगा. ठिकाण लांबचं मिळालं तर येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, काम करताना लागलं-पडलं तर विमा कोणाचा, तेही.

आणि एक फरक नीट समजून घ्या, कारण इथे फसवणूक होते. अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग म्हणून विद्यापीठानं मान्य केलेली प्लेसमेंट ऑस्ट्रेलियात बिनपगारी असू शकते, कायद्याला ते चालतं. पण कुणी दुकानदार "आधी दोन आठवडे फुकट काम करून दाखव, मग ठेवतो" म्हणाला, तर ते प्लेसमेंट नव्हे. कौशल्य दाखवायला लागतो तेवढा थोडा वेळ सोडला तर त्या कामाचा पगार द्यावाच लागतो. तिथे फेअर वर्क ओम्बुड्समन नावाचं सरकारी कार्यालय आहे, परदेशी विद्यार्थीही तिथे दाद मागू शकतात. जर्मनीला जाणारी मुलंही आता आपल्या भागात बरीच आहेत. तिथे अभ्यासक्रमानं सक्तीच्या केलेल्या इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू नाही, आणि ती परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्षाच्या १४० दिवसांच्या कामाच्या मर्यादेतही धरत नाहीत. नावं वेगळी, पण हिशेबातली फट तीच.

आमच्या पोरीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. फोनवर रडून झाल्यावर मी तिला एवढंच म्हटलं की हे मला सांगितलंस तसं उद्या तुझ्या मार्गदर्शक बाईंना सांग. ती म्हणाली, "त्यांना वाटेल मी कारणं देते." मला वाईट वाटलं, कारण ही सवय आम्हीच लावलेली. गृहपाठ का नाही केला, या प्रश्नाला खरं उत्तर देणाऱ्या पोराला आम्ही वर्गात काय म्हणतो? "कारणं सांगू नकोस." मीही म्हटलंय, शेकडो वेळा. तिलाही तिसरीत म्हटलं असेन.

सोमवारी तिनं सांगितलं. त्या बाईंनी विचारलं, आधी का नाही बोललीस? आणि पाचाचे चार दिवस करून दिले. उरलेले साडेसदोतीस वर दोनशे तास तिनं तीस-तीसच्या आठ आठवड्यांत संपवले. सगळी मिळून प्लेसमेंट पंधरा आठवड्यांची झाली, म्हणजे लांबली ती दोन आठवड्यांहूनही कमी! एवढ्याशा सवलतीसाठी पोर सात आठवडे जळत राहिली. हॉटेलचे तास तिनं शनिवार-रविवारवर आणले. आईंनी पतसंस्थेतली एक ठेव मुदतीआधी मोडली. ऑक्टोबरअखेर ती पास झाली. हॉटेलवाल्यानं तिच्या जागी दुसरी मुलगी ठेवली होती, तेव्हा नोकरी पुन्हा शोधावी लागली.

दुसरी प्लेसमेंट यंदा जुलैत सुरू होते. मागच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आई-वडील दोघं तीच फाईल घेऊन आले. रंगीत अंदाजपत्रकाच्या पाठीमागे कोरी जागा होती, तिथे आम्ही नवा हिशेब मांडला. मी आकडे सांगत होते, आई लिहीत होत्या. खर्चाच्या बाजूला पहिली ओळ त्यांनी कुणाला न विचारता लिहिली, 'पोरीचं बिनपगारी काम, १७ आठवडे, चार दिवसांनी.' मग पेन वडिलांकडे दिला आणि म्हणाल्या, "आता जमेच्या बाजूला काय लिवायचं ते तुमी सांगा." ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "दुधाचे लिही. जुलैपर्यंत दुसरी म्हैस वेल."